घरचं काय धरायचं?

लग्नाचे फोटो काढणाऱ्याला आमच्याकडे पहिला प्रश्न फोटोंबद्दल नसतो. तारीख मोकळी आहे का, हासुद्धा नसतो. पहिला प्रश्न असतो, "फुल्ल पॅकेज कितीला बसवताय?" आणि उत्तर यायच्या आत पुढचं वाक्य येतं, "तो नवा पोरगा पस्तीसमध्ये ड्रोनसकट देतोय."

पस्तीस म्हणजे पस्तीस हजार. ड्रोनचं म्हणाल तर तो आता ताटातल्या पापडासारखा झालाय. असलाच पाहिजे, पण त्याचे वेगळे पैसे कुणी देत नाही.

माझा दादा कराडला फोटो स्टुडिओ चालवतो. तो अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, १९८९ साली टाकला. दादा २०११ पासून पूर्णवेळ त्यात आहे. मी धाकटी. इंजिनिअरिंग करून पुण्यात, हिंजवडीला नोकरी करते. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला ठरलेले पैसे मिळणारी घरातली मी एकटीच. ही गोष्ट पुढे कामाला येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

२०२४ च्या दिवाळीत घरी गेले तेव्हा दुकानमालकानं भाडं आठ हजारांवरून दहा केलं होतं. मोबाइलची कव्हरं विकणारा एकजण त्याला त्याहून जास्त द्यायला तयार होता. दादानं फराळाची ताटली बाजूला सारली आणि म्हणाला, "दुकान ठेवू का सोडू, तू सांग. सोडलं तर दिवसावर शूटला जाईन कुणाकडं तरी. इंजिनियर आहेस ना, काढ हिशोब."

हा लेख त्या हिशोबाचा आहे.

*

हिशोबाआधी, हा धंदा पूर्वी कसा चालायचा ते बघायला हवं.

अण्णांच्या काळात फोटोग्राफरला पैसे मिळायचे ते प्रतीचे. एका रोलमध्ये छत्तीस फोटो. चार रोल गेले म्हणजे मोठं लग्न. मंगलाष्टकं संपून अंतरपाट खाली येतो तेव्हा अण्णा एकच फोटो काढायचे, कारण दुसरा काढणं परवडायचं नाही. पण निगेटिव्ह दुकानात राहायची. नवरीच्या मामाला एक प्रत हवी असायची, आत्याला दोन. पाच वर्षांनी घर बांधलं की हॉलमध्ये लावायला मोठी करून फ्रेम. एक लग्न असं कितीतरी वर्षं थोडे थोडे पैसे देत राहायचं. आमच्या आयटीच्या भाषेत बोलायचं तर ते सबस्क्रिप्शन होतं.

डिजिटल आल्यावर सगळं लग्न एका पेन ड्राइव्हमध्ये गिऱ्हाइकाच्या खिशात गेलं. गंमत म्हणजे कायदा आधीपासून गिऱ्हाइकाच्याच बाजूनं होता. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं १७ वं कलम सांगतं की पैसे देऊन कुणी फोटो काढून घेतला आणि वेगळा करार केलेला नसेल, तर त्या फोटोचा पहिला हक्कदार पैसे देणारा. म्हणजे अण्णांचा धंदा हक्कावर उभा नव्हताच. निगेटिव्हचा डबा आमच्या कपाटात होता, एवढ्यावरच उभा होता.

मग रोजच्या भाजीपाल्याचे पैसे देणारं पासपोर्ट साइजचं काम आटलं. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, टेंभलीला दिलं गेलं. आधारचा फोटो केंद्रावरच काढतात, पासपोर्टचा सेवा केंद्रात. त्याच्या थोडंसं आधी, २००८ मध्ये, निकॉन डी-नव्वद आणि कॅननचा फाइव्ह-डी मार्क टू आले आणि फोटोच्याच कॅमेऱ्यात चांगला व्हिडिओ व्हायला लागला. खांद्यावरचा मोठा व्हिडिओ कॅमेरा घेतल्याशिवाय या धंद्यात उतरता येत नाही, ही अडचण संपली. एक बॉडी, दोन लेन्स आणि हप्ता भरायची तयारी असली की झाला फोटोग्राफर.

तिसरा धक्का २०१६ च्या सप्टेंबरनंतरचा, जिओचा. डेटा स्वस्त झाला आणि मुंबई-दिल्लीची लग्नं गावातल्या नवरीच्या हातात आली. डिसेंबर २०१७ मध्ये विराट-अनुष्काचं लग्न इटलीत झालं. पुढच्या सीझनला दादाकडं आलेली एक मुलगी मोबाइल पुढं करून म्हणाली, "असाच कलर पाहिजे." तिचं लग्न मे महिन्यात दुपारी साडेबाराला, हिरव्या पत्र्याच्या मांडवात होतं. हिरव्या पत्र्याखाली माणसाचा चेहरा कसा दिसतो, ते ज्यानं रात्री बसून तो पुसलाय त्यालाच ठाऊक.

म्हणजे अपेक्षा सिनेमाच्या झाल्या, कॅमेरे घरोघर झाले, प्रतींचे पैसे गेले. राहिलं ते पॅकेज. पॅकेजला एकच आकडा असतो, आणि एकच आकडा असला की शेजाऱ्याच्या आकड्याशी त्याची तुलना फार सोपी होते.

दरवर्षी १९ ऑगस्टला, जागतिक छायाचित्रण दिनाला, दादाच्या ओळखीचे दहा-बारा फोटोग्राफर एकत्र जमतात. कॅमेऱ्यांना हार घालतात, नारळ फोडतात आणि चहा पिताना ठरवतात की यंदा चाळीसच्या खाली कुणीच जायचं नाही. सगळे मनापासून हो म्हणतात. चाळीसचा आकडा तुळशीच्या लग्नापर्यंत टिकला तरी खूप झालं.

*

आता शीट.

मी एक्सेल उघडलं आणि दादाचं नेहमीचं पॅकेज घेतलं: हळद आणि लग्न, दोन दिवस, तीन माणसं, तीस शीटचा अल्बम, पूर्ण व्हिडिओ आणि चार मिनिटांचा हायलाइट. दर ४५ हजार.

रोख खर्च त्याला तोंडपाठ होता. कँडिडवाला मुलगा, दोन दिवसांचे ६ हजार. व्हिडिओवाला त्याच्या कॅमेऱ्यासकट ७ हजार. अल्बमची छपाई आणि बाइंडिंग ७ हजार. पेट्रोल, चहापाणी दीड हजार. झाले साडेएकवीस.

"बाकीचं सुटतं," दादा म्हणाला.

"हार्ड डिस्क?"

"ती काय दर लग्नाला घेतो का?"

घेतोच. फोर-के व्हिडिओ १०० एमबीपीएसनं घेतला तर तासाला ४५ जीबी लागतात. दोन दिवसांत सात-आठ तासांचं फुटेज धरा, वर तीन हजार रॉ फोटो, आणि या सगळ्याच्या दोन प्रती. लग्न काही पुन्हा लावता येत नाही, त्यामुळे दुसरी प्रत हवीच. लग्नामागे दीड हजार डिस्कचे लिहिले.

मग कॅमेऱ्याची झीज. आमच्या बॉडीचं शटर कंपनीनं दोन लाख क्लिकपर्यंत तपासलेलं आहे. लग्नाला तीन हजार क्लिक म्हणजे साधारण ६६ लग्नं. दीड लाखाची बॉडी भागिले ६६, म्हणजे दर लग्नाला सव्वादोन हजार झिजतात. त्यात लेन्स, फ्लॅश, बॅटऱ्या, कॉम्प्युटर मिळवून ४ हजार लिहिले. एकूण २७ हजार. उरले १८.

भाडं, लाइट आणि इंटरनेट मिळून वर्षाला दीड लाख. मागच्या सीझनला लग्नं ३५. लग्नामागे ४,३०० गेले. उरले १३,७००.

दादाचा चेहरा जरा उतरला, पण फार नाही. "साडेतेरा तर साडेतेरा. पस्तीस लग्नं केली तरी चार-पावणेपाच लाख होतात."

"तास किती लागतात एका लग्नाला?"

त्याला सांगता येईना. आमच्या कंपनीत पाच मिनिटांच्या कॉलचीसुद्धा टाइमशीट भरावी लागते. घरी कुणी कधी तास मोजलेच नव्हते. तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्याच कामाला मी दादाच्या आणि वहिनीच्या मोबाइलवर टायमर टाकून दिला आणि रोज रात्री फोन करून आकडे घेतले.

दादा: शूट २८ तास. भेटी, फोन, सिलेक्शन ८ तास. व्हिडिओ एडिटिंग ३४ तास. एकूण ७०.

वहिनी: तीन हजारांतून चारशे फोटो छाटणं, त्यांचे रंग, अल्बमचं डिझाइन आणि मग दुरुस्त्या. "या शीटवर मावशींचा फोटो नाही." "इथं काका डोळे मिटलेत, दुसरा टाका." एकूण ३७ तास, सगळे रात्री साडेदहानंतरचे, पोरगं झोपल्यावर.

मी विचारलं, "हिचे ३७ तास कुठं लिहू?"

दादा अगदी सहज म्हणाला, "घरचं काय धरायचं?"

*

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय. अण्णांनी डार्करूमसाठी घरातली न्हाणी वापरली, तेव्हा घरचं काय धरायचं. आई दुकान उघडायची, झाडायची, दुपारी गल्ल्यावर बसायची, घरचं काय धरायचं. मी कॉलेजात असताना परीक्षा संपली की अल्बमची पानं लावायला बसायचे, तेही घरचंच. आमच्याकडे या वाक्यात प्रेम आहे, आणि ते खोटं नाही. पण एक्सेलमध्ये प्रेमाचा कॉलम नसतो. एकतर आकडा लिहावा लागतो नाहीतर शून्य.

वहिनीच्या कामाला बाजारात भाव आहे की नाही, हे शोधायला फार वेळ लागला नाही. एकट्यानं काम करणारे फोटोग्राफर अल्बम बाहेरून डिझाइन करून घेतात. आमच्या भागात शीटला शंभर रुपये आणि रंगकामाला फोटोमागे पाच रुपये घेणारी माणसं होती. तीस शीटचे ३ हजार, चारशे फोटोंचे २ हजार. लग्नामागे ५ हजार.

हा आकडा लिहिला आणि दर ३५ हजार करून पाहिला, म्हणजे "नव्या पोराचा" दर, तोही ड्रोन सोडून. खर्च वजा जाता ३,७०० उरले. त्यातून वहिनीचे ५ हजार काढले तर वजा १,३००. म्हणजे या भावात लग्न घेतलं तर दादानं सत्तर तास राबून वर घरातून तेराशे रुपये घालायचे.

मग नवा पोरगा ते कसं परवडवतो? दादाला त्याची सगळी माहिती होती, लहान गावात असतेच. स्वतःचं घर, म्हणून भाडं नाही. घरचा ऊस आहे. भाऊ व्हिडिओ धरतो, बहीण अल्बम लावते. दोघांना पगार नाही. दुसरा एक चाळीसमध्ये करणारा, त्याची बायको शाळेत शिक्षिका, घर तिच्या पगारावर चालतं. आणि आम्ही ४५ मध्ये करत होतो ते कशाच्या जोरावर? आमची वहिनी. आणि मी. ती दीड लाखाची बॉडी २०२२ मध्ये माझ्या नावावर हप्त्यानं घेतलेली आहे. हप्ते माझ्या खात्यातून जातात. दादाला झीज जाणवत नव्हती, कारण ती हिंजवडीत जाणवत होती.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की या बाजारात कोण चांगले फोटो काढतो याची स्पर्धा आहे. फोटोग्राफरांना वाटतं, कोण कमी दर लावतो याची आहे. शीट बघितल्यावर मला दिसलं ते असं की कुणाच्या घरात बिनपगारी माणसं जास्त आहेत, त्याची ही स्पर्धा आहे. ज्याच्या मागं जास्त माणसं फुकट उभी, तो जास्त खाली जाऊ शकतो. आणि तो खाली गेला की बाकीच्यांनाही आपापल्या घरातून आणखी एक माणूस ओढून आणावा लागतो.

हे फोटोग्राफीपुरतं नाही. तुमच्या कोपऱ्यावरचं किराणा दुकान, खानावळ, झेरॉक्सवाला, कुणाचीही शीट उघडा. स्वस्ताईच्या मागं एक आई, एक बायको किंवा पुण्यात नोकरी करणारं एक भावंडं सापडतंच.

*

शीट दाखवायला घरातल्या सगळ्यांना बसवलं. "अल्बम डिझाइन आणि कलर: ५,०००" ही ओळ अण्णांनी चष्मा लावून दोनदा वाचली.

"सुनेला पगार? अगं, घरचं काय धरायचं? उद्या तुझी आई भाकरीचं बिल लावेल."

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "लावते की. कुठल्या सालापासूनचं लावू?"

सगळे हसलो, पण अण्णा लगेच हसले नाहीत.

दादाची अडचण वेगळी होती. वहिनीला पैसे द्यायला त्याची ना नव्हती. त्याचं म्हणणं, ती ओळ लिहिली की दर वाढवावा लागणार आणि दर वाढवला की गिऱ्हाईक जाणार. "कागदावर सगळं बरोबर आहे गं. पण समोर बसलेला माणूस उठून गेला की पोटात गोळा येतो, तो तुझ्या शीटमध्ये नाही."

बरोबर होतं त्याचं. एप्रिल २०२१ मध्ये सरकारनं लग्न पंचवीस माणसांत आणि दोन तासांत उरकायचा नियम केला, तेव्हा त्या पंचवीसांत फोटोग्राफरला धरायचं की नाही यावरून त्यानं मांडवाबाहेर घासाघीस केली होती. ज्यानं असा सीझन बघितलाय त्याला "थोडी गिऱ्हाइकं जाऊ दे" असं सांगणं फार सोपं असतं, विशेषतः सांगणाऱ्याला पगार असतो तेव्हा.

वहिनी तोपर्यंत गप्प होती. ती एवढंच म्हणाली, "मला घरातून पैसे नकोत. पण साताऱ्याच्या एकांना अल्बम लावून हवेत, त्यांनी मागं विचारलं होतं. शंभर रुपये शीट. ते घेऊ का?"

आता दादापुढं प्रश्न सरळ आला. रात्री साडेदहाला ती जे तास दादाच्या लग्नाला देत होती, त्याच तासांना साताऱ्याहून पैसे येणार होते. तिचा वेळ पहिल्यांदाच दुसरीकडे जाऊ शकत होता, आणि दुसरीकडे जाऊ शकणाऱ्या गोष्टीला किंमत असते, हे दादाला माझ्या शीटपेक्षा लवकर कळलं.

त्या आठवड्यात तिचं बँकेत वेगळं खातं निघालं.

*

दर किती वाढवायचा याचं उत्तर एक्सेलमध्ये नव्हतं. ते अण्णांच्या वह्यांमध्ये सापडलं.

अण्णांनी १९८९ पासून प्रत्येक कामाची नोंद ठेवली आहे. लाल कापडी बांधणीच्या चौदा वह्या. तारीख, गाव, आडनाव, कुणाचं लग्न, रोल नंबर. निगेटिव्हच्या पाकिटांवर तेच नंबर. डिजिटल आल्यावर वह्या थांबल्या, पण कपाट कुणी हलवलं नाही.

त्या जानेवारीत मसूरकडच्या एक आजी आल्या. मालक नुकतेच वारले होते. तेराव्याला लावायला फोटो नव्हता. आधारवरचा होता, पण "त्यात ते चोरासारखं दिसत्यात," असं त्यांचं म्हणणं. १९९४ साली पुतणीचं लग्न अण्णांनी काढलं होतं, त्यात मालक फेटा बांधून उभे होते, एवढं त्यांना आठवत होतं. अण्णांनी तिसरी वही काढली. बोट ओळींवरून फिरवत गेले. वीस मिनिटांत पाकीट हातात होतं. वहिनीनं निगेटिव्ह स्कॅन केली, शेजारच्या दोघांना बाजूला केलं, चेहऱ्यावरचा ओरखडा भरला. तीस वर्षांपूर्वीचे आजोबा स्क्रीनवर मोठे झाले. आजी बराच वेळ बघत राहिल्या आणि मग वहिनीला म्हणाल्या, "एवढं तरणं नको गं बाई. लोक म्हणतील, दुसराच आणला."

अण्णांनी त्यांच्याकडून फक्त प्रिंटचे पैसे घेतले. दादाला ते पटलं नाही आणि मलाही पुरतं पटलं नाही. तेही दीड तासाचं कामच होतं. वह्यांचं कौतुक मला आहे, पण वह्यांनी दुकानाचं भाडं निघत नाही, हेही खरं.

मात्र त्या रात्री माझ्या डोक्यात एक गोष्ट आली. मागच्या सीझनच्या ३५ लग्नांची गावं आणि आडनावं मी वह्यांशी जुळवून पाहिली. ३५ पैकी २१ लग्नं अशा घरांतली निघाली जिथं अण्णांनी आधी कुणाचं तरी लग्न, बारसं, मुंज किंवा वास्तुशांत काढली होती. ही माणसंही घासाघीस करत होतीच. पण दादाला नीट आठवून विचारलं, तर ती घासाघीस करून थांबणारी होती. उठून जाणारी जवळजवळ सगळी उरलेल्या चौदांच्या जातीची, इन्स्टाग्रामवर चार रेट विचारून आलेली.

म्हणजे दादा इतकी वर्षं उठून जाणाऱ्यांना धरून ठेवण्यासाठी, न जाणाऱ्यांनाही कमी भाव देत होता.

दर ५२ हजार ठरला. एका आकड्याऐवजी कागदावर ओळी लिहून द्यायच्या: शूटची माणसं, एडिटिंग, अल्बम, व्हिडिओ. ड्रोन हवा असेल तर त्याचे वेगळे. फोटो इन्स्टाग्रामवर टाकायचे असतील तर खाली परवानगीची सही, कारण ते १७ वं कलम. आणि सगळ्यात महत्त्वाची ओळ शेवटची: फोटो निवडून द्यायला ४५ दिवस, उरलेले पैसे अल्बम छपाईला टाकायच्या आधी. कारण लग्न झाल्यावर अल्बमची घाई कुणालाच नसते. नवरा-नवरी पुण्याला जातात, फोटो निवडायचे राहतात, बाळ होतं, आणि शेवटचा हप्ता तिथंच लटकतो. दोन जोडप्यांनी तर लग्नाचे फोटो निवडायला आणि बारशाचा इसार द्यायला एकाच दिवशी दुकानात पाऊल ठेवलं होतं.

"आता एआय करतंय की एडिटिंग, मग कमी करा," असंही एकानं म्हणून पाहिलं. वहिनी फोटो छाटायला तसं सॉफ्टवेअर वापरते, तिचे दोन-तीन तास वाचतात. डोळे मिटलेले आणि हललेले फोटो ते बरोबर बाजूला काढतं. पण कोपऱ्यात उभं राहून रडणारी करवली नवरीची कोण, आणि तिचा फोटो घेतला नाही तर कोण आयुष्यभर बोलून दाखवेल, हे त्याला कळत नाही.

*

सीझन संपला तेव्हा लग्नं २६ झाली होती. नऊ कमी.

जानेवारी-फेब्रुवारीत दादाचे फोन यायचे. "आणखी एक गेलं." "आज दोघं उठून गेले." मी हिंजवडीतल्या कँटीनमध्ये उभी राहून "थांब, बघू" म्हणायचे. अण्णांचा विश्वास नव्हताच. मार्चमध्ये एक जुनं घर गेलं, ज्यांच्या तीन लग्नांची नोंद वहीत होती. ते मात्र दादाला लागलं.

जूनमध्ये पुन्हा शीट उघडली. ५२ हजारांतून २७ हजार खर्च आणि भाड्याचे ५,८०० गेले. भाडं तेवढंच, लग्नं कमी, म्हणून हा वाटा वाढला. उरले साधारण १९,२००. गुणिले २६, म्हणजे पाच लाखांच्या आसपास. आधीच्या वर्षी ३५ लग्नांचे पावणेपाच लाख होते.

पैसे किंचित जास्त आणि नऊ लग्नं कमी. दोघांचे मिळून साडेनऊशेच्या वर तास वाचले. त्या तासांत वहिनीनं साताऱ्याचे आणि नंतर आणखी दोघांचे अल्बम लावले, ते पैसे वेगळे. दादा मे महिन्यात पोराला घेऊन चार दिवस कोकणात गेला. फोटोग्राफरच्या घरात मे महिन्यात कुणी कोकणात जात नाही.

सगळं सुटलं असं म्हणणार नाही. वह्यांतली घरं संपत जाणार आहेत. दादाच्या काळातली लग्नं कुठल्याच वहीत नाहीत, ती तीन जुन्या हार्ड डिस्कवर पडलेली. त्यांची नोंद आता मी एका साध्या डेटाबेसमध्ये करतेय, गाव आणि आडनावानुसार. २०२६ ला ज्येष्ठ अधिक आहे, १७ मे ते १५ जून. भर सीझनमधला महिना कोरडा जाणार आणि एप्रिलमध्ये एकेका तारखेला तीन-तीन फोन येणार. बिनपगारी माणसांची स्पर्धाही थांबलेली नाही. आमच्या घरातली दोन माणसं त्यातून बाहेर पडली, एवढंच.

त्यातली एक वहिनी. तिच्याकडं गेल्या दिवाळीनंतर तो नवा पोरगासुद्धा आला. बहिणीचं लग्न ठरलं होतं, अल्बम लावायला घरात कुणी उरलं नव्हतं. शंभर रुपये शीट ऐकून त्यानं मोबाइलवर आकडेमोड केली आणि म्हणाला, "वहिनी, तुमचे पाच हजार देऊन मला काय उरतंय?"

वहिनी म्हणाली, "बहिणीला विचार. तिला किती उरत होतं?"

काम मात्र त्यानं दिलं. दोन अल्बम झालेत, पैसे वेळेवर दिले. त्याचा दर वाढला का, ते अजून कळायचंय.

आणि दुसरी मी. झिजेचे लग्नामागचे चार हजार दादा आता वेगळ्या खात्यात टाकतो. सुरुवातीला दर महिन्याला मला स्क्रीनशॉट पाठवायचा, मग बंद झाला. मला वाटलं, मोडली सवय. यंदा भर सीझनमध्ये त्याचा फ्लॅश जळाला. एरवी अशा वेळी सकाळी सातला फोन यायचा, "अगं, जरा अडचण झालीय." या वेळी आला नाही. नवीन फ्लॅश घेतल्याचं मला त्याच्या व्हॉट्सॲप स्टेटसवरून कळलं.